लायसन सोडवून घेताना

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर डीटीपीचं दुकान आहे. दोन खणांची जागा, भिंतीला लग्नपत्रिकांचे नमुने, कपाटावर कागदाची रिमं. मालक साठीच्या पुढचे, खिळे जुळवण्यापासून या धंद्यात आहेत. मी गेलो तेव्हा टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी चालू होते. नव्या यंत्रावर मेल येतात, पीडीएफ जातात, जीएसटीची बिलं निघतात. जुन्याचं कॅबिनेट पिवळं पडलंय. त्यावर अजून विंडोज एक्सपी आहे आणि इंटरनेटची वायर त्याला मुद्दाम लावलेली नाही. एका प्रकाशकाला जुन्या कथासंग्रहाची नवी आवृत्ती काढायची होती. मालकांनी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन नव्या यंत्रावर उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, टिंबं आणि कंसांची रांग उमटली. तीच फाइल जुन्या यंत्रावर पानंच्या पानं स्वच्छ देवनागरीत उघडली.

"नवा पीसी कधीच आलाय. पण मराठी अजून जुन्यावरच आहे," ते म्हणाले.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'स्थलांतर' हा विषय दिला, तेव्हा मला आधी ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या आठवल्या आणि मग हे दुकान. माणसं गाव सोडताना काय नेतात आणि काय मागे ठेवतात, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. यंत्र बदलताना जे मागे राहतं त्याची नोंद फारशी होत नाही, आणि त्यात कुणाचं तरी वर्षानुवर्षांचं काम अडकलेलं असतं. म्हणून छापखान्यांत, हिशेबाच्या पेढ्यांवर आणि दुरुस्तीच्या दुकानांत जाऊन बसलो.

पंचवीस पिनांचं लॉक

मालकांनी जुनं कॅबिनेट फिरवून मागची बाजू दाखवली. प्रिंटरच्या पोर्टाला अंगठ्याएवढा ठोकळा दोन स्क्रूंनी घट्ट बसवला होता. दुकानात सगळे त्याला लॉक म्हणतात, कुणी डोंगल म्हणतं. महागडी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या नक्कल रोखायला हे लॉक सोबत देत. सीडीची प्रत कुणीही काढेल, ठोकळ्याची काढता येत नाही. सॉफ्टवेअर सुरू होताना, आणि काम चालू असतानाही अधूनमधून, पोर्टावर एक प्रश्न पाठवतं. ठोकळ्यातली चिप ठरलेलं उत्तर देते. उत्तर आलं नाही की सॉफ्टवेअर बंद पडतं किंवा नुसतं डेमोपुरतं चालतं.

एका अर्थी हे सगळ्यात सोपं स्थलांतर. कंपनीला फोन नको, इंटरनेट नको. या यंत्राचा ठोकळा काढायचा आणि त्या यंत्राला लावायचा. परवाना खरोखरच हातात धरता येत होता, आणि माझ्या मते ग्राहकाशी इतका सरळ व्यवहार नंतर फारसा झालेला नाही.

लॉक आजही शाबूत आहे, त्याच्या आजूबाजूचं सगळं निघून गेलं. नव्या मदरबोर्डांच्या मागे ते लांबट पोर्ट सहसा येत नाही. बाजारात यूएसबीला जोडायची प्रिंटरकेबल मिळते आणि ती आणून अनेकांनी पैसे घालवलेत. ती केबल प्रिंटर चालवण्यापुरती असते. जुनं सॉफ्टवेअर लॉकला शोधतं ते पोर्टाच्या ठरलेल्या पत्त्यावर, बहुतेक वेळा ३७८ या पत्त्यावर, आणि केबलच्या टोकाला असा पत्ताच नसतो. कॅबिनेटच्या आत बसवायचं कार्ड घेतलं तर खरं पोर्ट मिळतं, पण त्याचा पत्ता बहुधा भलताच पडतो. तो हातानं जुळवता आला तर आला.

पुढचा अडसर विंडोजचा. लॉकशी बोलायला ड्रायव्हर लागतो. बत्तीस बिटांचा जुना ड्रायव्हर चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चढत नाही, आणि व्हिस्टापासून चौसष्ट बिटांच्या विंडोजला ड्रायव्हरवर डिजिटल सहीही लागते. सोळा बिटांचे प्रोग्रॅम तर तिथं सुरूच होत नाहीत. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांत निघालं. लॉक बनवणाऱ्यानं मधल्या काळात नवा ड्रायव्हर काढला असेल तर गाडी पुढे जाते. कंपनी विकली गेली असेल, बंद झाली असेल किंवा ती आवृत्तीच तिनं सोडून दिली असेल, तर पैसे मोजून घेतलेलं, अजिबात न बिघडलेलं लॉक टेबलाच्या खणात जातं.

अक्षरं कुलपात

हिशेबाचं किंवा चित्रांचं सॉफ्टवेअर अडलं तर काम खोळंबतं. मराठीच्या बाबतीत त्याहून वाईट होतं: आपणच लिहिलेला मजकूर आपल्याला वाचता येत नाही. याचं कारण आपल्या अक्षरांच्या इतिहासात आहे, आणि त्यातला मोठा भाग पुण्यातच घडला.

सी-डॅक या पुण्यातल्या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना १९८८ ची. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट हे भारतीय लिप्यांचं तंत्र तिथून सी-डॅककडे आलं आणि पुढे आयएसएम हे सॉफ्टवेअर घरोघरी पोचलं. मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपीही पुण्याचंच. मराठी छपाई खिळ्यांवरून कॉम्प्युटरवर आली ती या मंडळींच्या कष्टामुळे. त्या वेळी कॉम्प्युटरला देवनागरी ठाऊक नव्हती, म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवले. कुठल्या जागेवर काना, कुठे अर्धा स, कुठे रफार. जागा मोजक्या, तुकडे अनेक, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. त्यामुळे फाइलमध्ये साठतात ते रोमन अक्षरांचे क्रमांक. त्यांची मराठी होते ती त्या विशिष्ट फॉन्टमुळे, आणि तो फॉन्ट सॉफ्टवेअरच्या परवान्यासोबत आलेला असतो. परवाना जुन्या यंत्रात अडकला की कथासंग्रहही तिथंच अडकला.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, विंडोज २००० पासून ती साध्या पीसीवरही दिसू लागली. छापखान्यांनी मात्र पानं लावायचं पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर सोडलं नाही. त्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड कधीच कळलं नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय आली ती २०१२ च्या सीएस६ मध्ये. एवढ्या वर्षांत किती पुस्तकं, किती स्मरणिका, किती दिवाळी अंक जुन्या पद्धतीनं लागले असतील याचा विचार केला की पोटात कालवतं.

कन्व्हर्टर आहेत, आणि ते चांगलं काम करतात. पण र्‍हस्व वेलांटी जुन्या मांडणीत अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. 'निष्कर्ष' किंवा 'मूर्ती' अशा शब्दांत कन्व्हर्टरला उड्या माराव्या लागतात, आणि जोडाक्षर लांबलं की उडी चुकू शकते. "कन्व्हर्टर पान उतरवून देतो," मालक म्हणाले, "पण मग पहिल्या ओळीपासून वाचायला माणूस बसवावा लागतो. त्याचे पैसे प्रकाशक देत नाही." हे वाचून घेणं हाच स्थलांतराचा खरा खर्च आहे.

बुधवार पेठेतला इलाज

पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं दाटीनं आहेत. तिथल्या एका दुरुस्तीच्या दुकानात तिशीतला कारागीर उष्ण हवेच्या बंदुकीनं बोर्डावरची चिप काढत होता. डोंगलचं नाव काढताच त्यानं फळीवरचे जुने मदरबोर्ड दाखवले. "असं काम आलं की नवीन पीसी सांगतच नाही, सर. त्याच पिढीचा बोर्ड शोधतो. मागे पोर्ट पाहिजे, एक्सपीचा ड्रायव्हर पाहिजे, आणि कॅपॅसिटर फुगलेले नकोत." असे बोर्ड भंगारातून येतात. तो ते धुऊन, फुगलेले कॅपॅसिटर बदलून, नवी गोल बॅटरी घालून ठेवतो. बॅटरी महत्त्वाची, कारण ती संपली की यंत्राचं घड्याळ मागच्या कुठल्या तरी सालावर जातं आणि मुदतीचं लायसन असेल तर ते बिथरतं.

दुसरा इलाज जास्त टिकाऊ आहे. जुन्या हार्डडिस्कची संपूर्ण प्रतिमा काढायची आणि नव्या कॉम्प्युटरच्या आत, एका खिडकीत, ते जुनं यंत्र जसंच्या तसं चालवायचं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लॉक यूएसबीचं असेल तर ते नव्या यंत्राला लावून आतल्या यंत्राच्या हवाली करता येतं. पंचवीस पिनांच्या लॉकला हे सहसा जमत नाही. आणि आतल्या विंडोजला वाटतं की आपलं सगळं हार्डवेअर बदललं, मग ते पुन्हा ॲक्टिव्हेशन मागतं. तरीही डिस्क जिवंत असेपर्यंत तिची प्रतिमा काढून ठेवावी असं मी प्रत्येकाला सांगेन. ती निदान मजकूर तरी वाचवते.

तिसरा इलाज त्यानं आवाज खाली आणून सांगितला: क्रॅक, म्हणजे लॉकची तपासणीच तोडून टाकणारा चोरटा प्रोग्रॅम. ज्याच्याकडे अस्सल बिल आणि अस्सल लॉक आहे, त्यालाही अनेकदा हाच मार्ग सुचवला जातो. माझं मत स्पष्ट आहे. क्रॅक बसवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्या क्षणी त्या यंत्रातल्या सगळ्या फायली अनोळखी माणसाच्या हाती जातात. ज्या दुकानाचं भांडवलच फायली आहे, त्यानं हा धोका पत्करू नये.

यंत्रासोबत आलेलं विंडोज

२०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य कॉम्प्युटर एकदम जुने ठरले आणि ज्यांना यंत्र बदलायचं नव्हतं त्यांनाही ते बदलावं लागलं.

अशा वेळी लोक पहिला प्रश्न विचारतात तो विंडोजच्याच लायसनबद्दल. कंपनीच्या तयार यंत्रासोबत आलेलं विंडोज त्या यंत्राशी, नेमकं सांगायचं तर त्याच्या मदरबोर्डशी, बांधलेलं असतं. ते स्वस्त पडतं याचं कारण हेच. यंत्र गेलं की ते गेलं. पूर्वी कॅबिनेटवर कीचं स्टिकर असायचं, विंडोज ८ पासून उत्पादक ती की बोर्डाच्या चिपमध्येच लिहितात. दुकानातून वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज मात्र नव्या यंत्रावर नेता येतं, जुन्यावरून काढलं तर. आपलं कुठलं हे बिल नसलं तरी कळतं: कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि डीएलव्ही, हे सगळं रोमन लिपीत टाइप केलं की एक चौकट उघडते, तिच्यात ओईएम की रिटेल ते लिहिलेलं असतं. जुनं यंत्र भंगारात देण्याआधी ही चौकट एकदा पाहायला हवी.

ऑफिसची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑफिस २०१३ बाजारात आलं तेव्हा एका यंत्रावर बसवलेलं लायसन दुसऱ्यावर नेता येणार नाही, अशी अट होती. यंत्र जळालं तर ऑफिसही गेलं. ग्राहकांनी ओरड केली, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं अट बदलली: नव्वद दिवसांत एकदा लायसन हलवता येईल. जगातल्या बलाढ्य कंपनीचा करार काही आठवड्यांत बदलला तो ग्राहक बोलले म्हणून. आपल्याकडे लोक सॉफ्टवेअरच्या करारावर बोलतच नाहीत, कारण 'आय ॲग्री'वर क्लिक करणाऱ्या माणसाला तो करार वाटतच नाही.

सरेंडर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे दिवाणजींशी गाठ पडली. पेढीवर गादी आहे, चोपड्या आहेत आणि त्यांच्या शेजारी कॉम्प्युटरही. ऐन हंगामात विजेच्या झटक्यानं त्याचा बोर्ड उडाला. डेटाचा बॅकअप होता, कारण दिवाणजी रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन मात्र जळालेल्या यंत्रावर चालू अवस्थेत राहिलं. ते सोडवायला नोंदणीचा ईमेल हवा होता. तो ईमेल होता सॉफ्टवेअर बसवून दिलेल्या मुलाचा, आणि तो मुलगा गाव सोडून गेलेला, मोबाइल नंबरही बदललेला. मग कपाटातून मूळ बिल शोधलं, पेढीच्या लेटरहेडवर अर्ज केला, जीएसटीचं प्रमाणपत्र जोडलं, नोंदणी पेढीच्या नावावर करून घेतली. तोवर पट्ट्या हातानं लिहिल्या.

"मालकाचं नाव दुकानावर आणि लायसन परक्याच्या नावावर," दिवाणजी म्हणाले. "आता मेल आयडी शेठजींचाच, आणि पासवर्ड तिजोरीत."

मी जिथं जिथं गेलो तिथं हाच घोळ निघाला. तंत्रज्ञानाची अडचण असते, पण तिच्याआधी नावाची अडचण येते. सॉफ्टवेअर घेताना डीलर म्हणतो, 'मी टाकतो माझा मेल, तुम्ही काळजी करू नका', आणि आपण खरंच करत नाही.

हस्तांतराची चांगली सोय कशी असते, हे पाहायचं तर टॅली पाहावं. व्यापारी महाराष्ट्राचा फार मोठा हिशेब त्यावर चालतो. त्यात लायसन सरेंडर करायची सोय मेनूतच आहे. जुन्या यंत्रावर सरेंडर केलं की कंपनीच्या सर्व्हरवर ते मोकळं होतं, मग नव्या यंत्रावर त्याच खात्यानं ते पुन्हा सुरू करायचं. जुन्या यंत्रावरचं टॅली पुसलं जात नाही, ते एज्युकेशनल मोडमध्ये जातं आणि महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखांच्याच नोंदी घेतं. जुने हिशेब बघायला एवढं पुरतं. या क्रमातली पहिली पायरी जुनं यंत्र चालू असतानाच चढायची असते, आणि हे शक्यतो नवा कॉम्प्युटर घरी यायच्या आधी ठाऊक हवं. ॲडोबी, ऑटोडेस्क आणि इतरांच्या जुन्या आवृत्त्यांनाही हेच लागू होतं: मदतीच्या मेनूत डीॲक्टिव्हेट किंवा लायसन ट्रान्सफर असं काही असतं, ते आधी वापरायचं. फॉरमॅट मारल्यावर लक्षात येऊन उपयोग नसतो, कारण सर्व्हरच्या लेखी जुनं यंत्र अजून जिवंतच असतं.

पागडीचं घर

पैसे मोजले, बिल आहे, सीडी आहे, तरी आपलंच सॉफ्टवेअर हलवायला परवानगी कशाला? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. मुंबईतल्या पागडीच्या घरांसारखं हे आहे: एकदाच मोठी रक्कम मोजून माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो, पण घर दुसऱ्याच्या नावे करायचं तर मालकाची संमती लागते. सॉफ्टवेअरमध्ये आपण विकत घेतो तो वापरण्याचा हक्क, आणि तो कुठे व कसा वापरायचा हे कराराची कलमं ठरवतात.

आपली न्यायालयं या प्रश्नाजवळून गेली आहेत, पण कराच्या वाटेनं. डबाबंद सॉफ्टवेअर म्हणजे माल, त्यावर विक्रीकर लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सांगितलं. २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिसच्या खटल्यात ठरलं की अशा सॉफ्टवेअरची किंमत म्हणजे कॉपीराइटची रॉयल्टी नव्हे. म्हणजे कर घेताना तो माल आहे. मग ग्राहकानं यंत्र बदलताना त्याला मालाचे हक्क का मिळू नयेत, हा प्रश्न इथं जोरानं विचारला गेला पाहिजे. युरोपात तो विचारला गेला: २०१२ मध्ये यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात युरोपीय न्यायालयानं कायमस्वरूपी परवाना पुढे विकायची मुभा दिली, विकणाऱ्यानं स्वतःची प्रत काढून टाकण्याच्या अटीवर.

एक दिलासा आपल्या कायद्यात आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार, सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला नाश किंवा हानी यापासून संरक्षणासाठी बॅकअप प्रत काढता येते. म्हणून झिजत चाललेल्या जुन्या सीडीची प्रत आजच काढून ठेवणं पूर्ण रास्त आहे. याच कायद्याचं कलम ६३ब बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद करतं. बिल जपून ठेवायचं ते दोन्ही कारणांसाठी.

सर्व्हर बंद होतो तेव्हा

सगळं नीट केलं, नाव आपलं, ईमेल आपला, सरेंडरही वेळेत, तरी एक गोष्ट आपल्या हातात नसते. ॲक्टिव्हेशनला उत्तर देणारा सर्व्हर कंपनीचा असतो. ॲडोबीनं २००५ च्या सीएस२ संचाचे सर्व्हर २०१२ च्या अखेरीस बंद केले. त्यानंतर ज्यांच्याकडे वैध लायसन होतं त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेशन न मागणारी आवृत्ती सीरियल नंबरसह उपलब्ध केली. जगभर अफवा उठली की फोटोशॉप फुकट झालं, आणि कंपनीला खुलासा करावा लागला. गोंधळ झाला, पण केलं ते योग्यच होतं: कुलूप लावणाऱ्यानं जाताना ते उघडून दिलं. ऑटोडेस्कनं २०१६ पासून कायमस्वरूपी परवाने नव्यानं विकणं थांबवलं आणि २०२१ पासून २०१० व त्याआधीच्या आवृत्त्यांना ॲक्टिव्हेशन कोड देणं बंद केलं. त्या आवृत्त्या घेतलेल्या लहान आर्किटेक्टला जुना कॉम्प्युटर टिकवणं एवढाच मार्ग उरला.

आताची भाड्याची पद्धत हस्तांतराच्या दृष्टीनं सोपी आहे. इकडून साइन आउट, तिकडे साइन इन, संपलं. पण हप्ता थांबला की आपल्याच फाइलचं दार बंद होतं, आणि लग्नसराईवर पोट असणाऱ्या डीटीपीवाल्याला बारा महिने हप्ता भरणं परवडत नाही. ही सोय आहे हे मान्य, ती सगळ्यांसाठी आहे हे मान्य नाही.

माझी मागणी साधी आहे. ॲक्टिव्हेशन लागणारं सॉफ्टवेअर विकताना, सर्व्हर बंद झाला तर कुलूप काढलेली शेवटची आवृत्ती देऊ, असं करारात लिहून द्यावं. सरकारी कार्यालयं, विद्यापीठं आणि साहित्य संस्था घाऊक खरेदी करतात. त्यांनी निविदेत ही अट घातली तर विक्रेत्यांना ती ऐकावी लागेल, आणि लहान दुकानदारालाही तिचा फायदा मिळेल. मराठी मजकुराच्या बाबतीत दुसरी अटही घालावी: प्रकाशकानं डीटीपीवाल्याकडून छपाईच्या पीडीएफसोबत युनिकोडमधला मजकूर मागून घ्यावा आणि त्याच्या वाचनाचे पैसे बिलात वेगळे द्यावेत.